जुनं कार्ड, नवं कार्ड आणि घरचा हिशेब

मिक्सर घ्यायचा म्हटलं की आपण बायका दुकानदाराला कशा भंडावून सोडतो! मोटर किती वॅटची, भांडी किती, पाती बदलून मिळतात का, ओलं वाटण आणि कोरडं वाटण दोन्ही होईल का, आवाज फार तर करत नाही ना, गावात दुरुस्तीची सोय आहे का. शेजारच्या वहिनींचा बारा वर्षांचा मिक्सर अजून ओलं खोबरं लोण्यासारखं वाटतो, हेही आपल्याला पक्कं ठाऊक असतं. नवा आहे म्हणजे चांगलाच असणार, असं आपण सहसा मानत नाही.

पण घरातल्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की आपण मुकाट्यानं चहाचं आधण ठेवायला उठतो. बापलेक बोलत बसतात आणि शेवटी आपल्या कानावर येतं ते एकच वाक्य : "ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय, बदलायला हवं." किती पैसे? तर पंचवीस-तीस हजार! एका फ्रिजच्या किमतीची वस्तू, आणि तिच्याबद्दल घरच्या बाईनं एक प्रश्नही विचारू नये? विचारलाच तर "तुला त्यातलं काय कळतं?" हे उत्तर ठरलेलं.

मैत्रिणींनो, हे कळायला इंजिनियर व्हावं लागत नाही. मी बी. ए. झालेली, दुपारी दोन तास शाळेत इतिहास शिकवणारी आणि उरलेला दिवस घर सांभाळणारी बाई. आमच्या घरात हा प्रश्न आला तेव्हा वही-पेन घेऊन बसले, मुलांना विचारलं, दुकानात जाऊन विचारलं, चाचण्यांचे आकडे वाचले. तेव्हा ध्यानात आलं की जुनं कार्ड आणि नवं कार्ड तोलायची रीत मिक्सर तोलण्याच्या रीतीहून फारशी निराळी नाही. कोणते आकडे बघायचे आणि कोणते सोडून द्यायचे, एवढं समजलं की झालं.

हे कार्ड करतं तरी काय?

कॉम्प्युटरमधला प्रोसेसर म्हणजे घरची सुगरण समजा. ती काहीही करू शकते, पण हात दोनच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे लग्नघरी पोळ्या लाटायला बसलेल्या बायकांची रांग. एकेकीचं काम अगदी साधं, पण हजार जणी एकदम लाटतात, म्हणून पंगत अडत नाही.

आणि ही पंगत केवढी मोठी! नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केलात तर २०,७३,६०० ठिपके. खेळातलं चित्र हलतं दिसायला ते सेकंदाला साठ वेळा नव्यानं काढावं लागतं. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ साडेबारा कोटी ठिपक्यांचे रंग ठरवायचे. एनव्हिडिया कंपनीनं १९९९ साली 'जीफोर्स २५६' नावाचं कार्ड आणलं तेव्हा 'जगातला पहिला जीपीयू' म्हणून त्याची जाहिरात केली. तेव्हापासून हे काम प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरून कार्डाकडे अधिकाधिक जात राहिलं. आता याच कार्डांवर घरांचे नकाशे रंगवले जातात, कार्टूनपट तयार होतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची गणितंही सुटतात.

नावातले आकडे वाचायला शिका

मुलं बोलताना आकड्यांचा भडिमार करतात. 'दहा-साठ', 'तीस-साठ', 'चाळीस-साठ'. घाबरू नका. यातले पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि पुढचे दोन त्या पिढीतली पायरी. जीटीएक्स १०६० म्हणजे दहाव्या मालिकेतलं साठच्या पायरीवरचं कार्ड. हे आलं जुलै २०१६ मध्ये. आरटीएक्स ३०६० आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये आणि आरटीएक्स ४०६० जून २०२३ मध्ये. पन्नासची पायरी खालची, साठची मधली, सत्तर आणि ऐंशीच्या वरच्या, आणि नव्वदची तर श्रीमंतांची. शेवटी 'टीआय' असं शेपूट असलं तर त्याच पायरीवर थोडं वरचढ.

आता खरी मेख इथे आहे. पिढी नवी पण पायरी खालची, आणि पिढी जुनी पण पायरी वरची, यांत श्रेष्ठ कोण? थोरल्या जाऊबाई आणि धाकटी पण मोठ्या घरची सून, यांच्यातल्या मानपानासारखाच हा पेच! याचं एक ठरलेलं उत्तर नाही. उदाहरणंच बघा.

२०१४ साली जीटीएक्स ९८० हे वरच्या पायरीचं कार्ड होतं. ते जोरात चालू असताना १६५ वॅट वीज घेई. दोन वर्षांनी आलेल्या १०६० नं मधल्या पायरीवर असूनही जवळपास तेवढंच काम केलं आणि वीज घेतली १२० वॅट. इथे नव्याची बाजू चोख.

एप्रिल २०१९ मध्ये जीटीएक्स १६५० आलं. हे १०६० पेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी धाकटं. पण ६ जीबीच्या १०६० पुढे खेळांत ते मागेच पडतं. नवं आहे म्हणून १०६० काढून ते बसवलं तर पैसे देऊन वेग कमी केल्यासारखंच होईल. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० हेसुद्धा तीन वर्षं आधीच्या आरटीएक्स २०६० च्या थोडं मागेच राहतं.

आणि डिसेंबर २०२० चं आरटीएक्स ३०६० टीआय घ्या. अडीच वर्षांनी आलेलं ४०६० बहुतेक खेळांत त्याला मागे टाकू शकत नाही. फरक एवढाच की जुनं २०० वॅट मागतं आणि नवं ११५ वॅटमध्ये भागवतं. पूर्वी एका पिढीत मोठी उडी मिळत असे. या मधल्या पायऱ्यांवर ती उडी आता आखूड झाली आहे. म्हणून 'पिढी बदलली, कार्ड बदला' हा हिशेब आता चालत नाही.

नाव एक, माल दोन

साडीच्या दुकानात एकाच नावाची दोन पोतं दाखवली तर आपण पदर चुरगळून बघतो. इथेही तेच करायचं. १०६० हे नाव दोन कार्डांना होतं. एकात ६ जीबी मेमरी आणि १२८० गणित करणारे भाग, म्हणजे आपल्या रांगेतल्या पोळ्या लाटणाऱ्या बायका. दुसऱ्यात ३ जीबी आणि ११५२. बाहेरून ओळखू येऊ नये इतकी सारखी!

३०५० चंही तसंच. २०२२ चं ८ जीबीचं, त्यात २५६० भाग. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावानं ६ जीबीचं आलं, त्यात २३०४. हे दुसरं मंद आहे, पण त्याची मागणी फक्त ७० वॅटची, म्हणून जुन्या कॉम्प्युटरमध्ये विजेची वेगळी वायर न लावता चालतं. ज्याच्या घरी त्याची गरज, त्याला ते योग्यच. पण दुकानदारानं नुसतं 'तीस-पन्नास' म्हटलं तर 'किती जीबीचं?' हे विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर आणखी जपावं. लॅपटॉपमधलं ४०६० हे नावानं तेच असलं तरी बनवणारी कंपनी त्याला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. कमी वीज म्हणजे कमी काम. दोन लॅपटॉपांवर एकच नाव छापलेलं, आणि चालायला एक हरिण, एक कासव! तेव्हा 'यातल्या कार्डाला किती वॅट दिलेत?' हा प्रश्न लॅपटॉपसाठी लिहून ठेवा.

मिसळणाचा डबा आणि कोठीची खोली

आता ३०६० आणि ४०६० शेजारी ठेवू, कारण आपल्यासारख्या घरांत बहुधा याच पायरीचा विचार होतो. जुन्यात ३५८४ भाग, नव्यात ३०७२. जुन्यात १२ जीबी मेमरी, नव्यात ८. जुन्यात मेमरीकडून सेकंदाला ३६० जीबी माल येतो, नव्यात २७२. वाचून कुणीही म्हणेल की जुनंच सरस. पण नेहमीच्या पडद्यावर खेळ लावून मोजलं तर नवं साधारण पंधरा-वीस टक्क्यांनी पुढे! ते कसं?

एक तर नव्याचे हात भराभर चालतात. जुन्याची गती १.७८ गिगाहर्ट्झच्या आसपास, नव्याची २.४६. दुसरं म्हणजे नव्यात हाताशी मोठा मिसळणाचा डबा आहे. फोडणी करताना मोहरी-हळद आणायला दर वेळी कोठीच्या खोलीत जावं लागलं तर तेल जळून जाईल! म्हणून आपण लागेल तेवढं डब्यात काढून ओट्यावर ठेवतो. कार्डात याला कॅश म्हणतात. जुन्यात ती ३ एमबी, नव्यात २४ एमबी. कोठीत खेपा कमी, म्हणून रस्ता अरुंद असूनही काम अडत नाही.

पण कोठीच लहान पडली तर? काही नवे खेळ चित्रं अगदी बारकाईनं दाखवायला ८ जीबीपेक्षा जास्त जागा मागतात. मग माल कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीतून, म्हणजे शेजारच्या घरून, मागवावा लागतो आणि चित्र अडखळतं. घराचा मोठा आराखडा किंवा त्रिमितीतलं दृश्य रंगवतानाही तेच. काम एक तर फार मंदावतं, नाही तर अडून बसतं. अशा वेळी बारा जीबीचं जुनं कार्ड आठ जीबीच्या नव्याला भारी पडतं. म्हणजे दोन्हींत चांगलं कोणतं, हे कार्डावर ठरत नाही. घरात काम कोणतं आहे, त्यावर ठरतं.

सरासरीवर जाऊ नका

तुलनेच्या तक्त्यांत 'एफपीएस' असं लिहिलेलं असतं. म्हणजे सेकंदाला किती चित्रं निघाली. पण नुसती सरासरी बघू नका. आम्हा शिक्षकांना हे चांगलं ठाऊक आहे. वर्गाची सरासरी साठ टक्के आली म्हणून सगळी मुलं पास झाली असं थोडंच असतं? चार हुशार मुलांनी ती वर ओढलेली असते. म्हणून तक्त्यात 'एक टक्का लो' असा दुसरा रकाना असतो, तो वाचा. सगळ्यांत रखडलेल्या एक टक्का चित्रांच्या वेळी वेग किती होता, ते त्यात कळतं. सरासरी ८० आणि हा आकडा २५ असला तर खेळताना हिसके बसणारच. सरासरी ७० आणि हा ५५ असला तर ते कार्ड बरं.

घरी मोजायचं तर तेही सोपं आहे. 'एमएसआय आफ्टरबर्नर' नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो, तो पडद्याच्या कोपऱ्यात हे आकडे दाखवतो. खेळ तोच, त्यातली जागा तीच, चित्राची प्रत तीच ठेवून तीन वेळा मोजायचं आणि लिहून ठेवायचं. भाताला पाणी किती लागतं हे तांदूळ बदलून, भांडं बदलून आणि आच बदलून एकदम कळत नाही, तसंच हे.

आणखी एक युक्ती सांगते. खेळात चित्राची प्रत आणि ठिपक्यांची संख्या कमी करून बघा. वेग चांगला वाढला तर कार्ड दमत होतं. वेग होता तिथेच राहिला तर कार्डाचा काही दोष नाही, सुगरणच थकली आहे, म्हणजे प्रोसेसर जुना झाला आहे. तिथे नवं कार्ड बसवणं म्हणजे कणीक मळणारी एकच असताना लाटायला आणखी दहा जणी बोलावणं!

आणि पडदा विसरू नका. आपला पडदा ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. कार्डानं दीडशे काढली तरी वरची नव्वद दिसायची नाहीत.

आमटीत पाणी

जाहिरातींबद्दल थोडं. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी लास व्हेगासच्या व्यासपीठावरून सांगितलं की ५४९ डॉलरचं नवं आरटीएक्स ५०७० हे आधीच्या पिढीतल्या सर्वांत वरच्या ४०९० इतकं काम देईल. आता ४०९० मध्ये १६,३८४ भाग आणि २४ जीबी मेमरी. ५०७० मध्ये ६१४४ भाग आणि १२ जीबी. निम्म्याहून कमी हातांनी तेवढंच काम?

गोम अशी की ते आकडे एक खास सोय चालू ठेवून दिलेले होते. कार्ड एक चित्र खरं काढतं आणि पुढची तीनपर्यंत चित्रं अंदाजानं भरून देतं. अवेळी पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी घालून वेळ निभावतो ना, तसंच. वाट्या भरतात, पण डाळ तेवढीच! ती सोय अगदीच टाकाऊ आहे असं नाही. चित्र डोळ्यांना खरोखर गुळगुळीत दिसतं. पण मुलानं बटण दाबल्यावर खेळानं दाद देण्याचा वेग त्यानं वाढत नाही. मार्च २०२५ मध्ये कार्ड बाजारात आल्यावर ही सोय बंद ठेवून चाचण्या झाल्या, तेव्हा ५०७० हे ४०९० च्या बरंच मागे राहिलं. म्हणून जुन्या-नव्याची तुलना वाचताना 'ही सोय दोन्हीकडे चालू आहे, की एकीकडेच?' हे आधी बघावं.

विजेचं बिल

'नवं कार्ड वीज वाचवतं, म्हणजे पैसे आपोआप वसूल होतात,' असं दुकानदार हमखास म्हणतो. हिशेब करू. २०१७ चं वरच्या पायरीचं जीटीएक्स १०८० टीआय पूर्ण जोरात २५० वॅट घेतं. ४०६० त्याच्याइतकंच, किंबहुना किंचित जास्त काम ११५ वॅटमध्ये करतं. फरक १३५ वॅटचा. रोज तीन तास खेळ धरला तर वर्षाला सुमारे १४८ युनिटं. युनिटला दहा रुपये धरले तर साधारण दीड हजार रुपये वाचतील. बचत खरी आहे. पण तीस हजारांचं कार्ड त्यातून फिटायला वीस वर्षं लागतील! तेव्हा नवं घ्यायचंच असेल तर कमी विजेचं बघावं, पण केवळ विजेसाठी चालतं कार्ड काढू नये.

मात्र विजेचा विचार दुसऱ्या कारणानं करायला हवा. कॉम्प्युटरच्या पेटीतला वीजपुरवठा, म्हणजे पीएसयू, किती वॅटचा आहे? १०६० ला कंपनी ४०० वॅटचा सांगत असे, ४०६० ला ५५० वॅटचा सांगते. शिवाय आपल्याकडे वीज जाते म्हणून यूपीएस असतो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसला साधारण ३६० वॅटचा भार झेपतो. कार्डाबरोबर या दोन वस्तूही बदलाव्या लागल्या तर खर्चाचा आकडा कुठच्या कुठे जातो. तो आधीच मांडावा.

जुन्याला निरोप कधी द्यावा?

जोर असूनही जुनं कार्ड कामातून जातं ते नवी भाषा येत नाही म्हणून. प्रकाशाचा किरण कुठे आदळेल, कुठे परावर्तित होईल याचं गणित करणारे खास भाग २०१८ नंतरच्या आरटीएक्स कार्डांत आले. याला रे ट्रेसिंग म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला इंडियाना जोन्सचा खेळ आणि मे २०२५ मध्ये आलेला 'डूम : द डार्क एजेस' हे दोन्ही त्याशिवाय चालतच नाहीत. तिथे १०८० टीआयसारखं एके काळचं दांडगं कार्डही हात टेकतं, आणि धाकटं ३०५० मात्र खेळ सुरू तरी करतं.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरची. एनव्हिडियानं दहाव्या मालिकेला नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे ती कार्डं एका रात्रीत बाद झाली असं नाही. जुने खेळ, अभ्यास, सिनेमे यांना ती अजून उत्तम. एएमडी कंपनीच्या 'एफएसआर' या सोयीच्या आधीच्या आवृत्त्या एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांवरही चालतात. त्या चित्र लहान काढून मोठं करतात आणि वेग थोडा वाढवतात. दोन वर्षं ढकलायला एवढं पुष्कळ असतं.

आमच्या घरी काय केलं

आमच्याकडे २०१७ साली ह्यांनी घेतलेलं ६ जीबीचं १०६० होतं. चिरंजीव नववीत. त्यांची मागणी ४०६० ची, आणि ती रोज, जेवताना, पान वाढल्याबरोबर! जाऊबाईंची मुलगी आमच्याकडे राहून आर्किटेक्चरला शिकते. तिनं काहीच मागितलं नव्हतं. ती आपली रात्री कॉम्प्युटरला काम लावून झोपायची आणि पहाटे उठून 'झालं का' ते बघायची.

मी दोघांचीही कामं वहीत लिहिली आणि मोजायला सांगितलं. चिरंजीवांचे खेळ दोनच, 'व्हॅलोरंट' आणि 'माइनक्राफ्ट'. जुन्या कार्डावर दोन्ही साठच्या वरच चालत होते, आणि आमचा पडदा साठ हर्ट्झचाच. म्हणजे नव्या कार्डानं त्याला डोळ्यांनी दिसेल असं काहीच मिळणार नव्हतं. पुतणीचं एकेक चित्र मात्र आठ-आठ तास घेत होतं, आणि दोनदा तर मेमरी अपुरी म्हणून मध्येच बंद पडलं होतं. "आधी का नाही सांगितलंस गं?" विचारलं तर म्हणाली, "काकू, कार्ड खेळासाठीच घेतात ना! माझं काय, होतंय हळूहळू."

हे ऐकून माझ्या पोटात कालवलं. ज्याचा आवाज मोठा त्याची गरज मोठी, असा घराचा कायदा होऊन बसला होता. शेवटी १२ जीबीचं ३०६०, वर्षभराची वॉरंटी शिल्लक असलेलं, पक्क्या बिलासकट वापरलेलं घेतलं. नव्या ४०६० पेक्षा पैसेही कमी लागले. आता तिचं आठ तासांचं काम दीड तासात होतं. चिरंजीव दोन दिवस फुरंगटले, मग मुकाट्यानं त्याच कार्डावर खेळू लागले. वेळापत्रक भिंतीवर लावलं आहे, आणि त्यात अभ्यासाच्या चित्रांचा नंबर पहिला.

वापरलेलं घेताना

२०२१ साली कार्डांची टंचाई होती आणि आभासी चलन काढणाऱ्यांनी ती रात्रंदिवस राबवली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या चलनानं आपली रीत बदलली, कार्डांचं ते काम संपलं आणि राबलेली कार्डं बाजारात आली. राबलेलं म्हणजे खराबच असं नाही, पण पंखे आणि आतली पेस्ट झिजलेली असू शकते. म्हणून :

मूळ बिल मागा आणि बिलावरचा नंबर कार्डावरच्या नंबराशी ताडून बघा. त्या नंबरावरून कंपनीकडे वॉरंटी तपासा.

'जीपीयू-झेड' हा फुकट मिळणारा प्रोग्राम लावून कार्डाचं खरं नाव, मेमरी आणि भागांची संख्या बघा. नाव बदलून विकलेली बनावट कार्डं त्यात उघडी पडतात.

अर्धा तास पूर्ण जोरात चालवून दाखवायला सांगा. पडद्यावर रंगीत चौकोन उमटले, पंखा खडखडला किंवा कॉम्प्युटर बंद पडला तर नमस्कार करून निघा.

आपल्या पेटीत कार्ड लांबीला मावेल का, ते टेपनं मोजून जा. पडद्याचं माप घेतल्याशिवाय आपण कापड घेत नाही, तेच इथे.

आणि हे सगळं करण्याआधी एक बिनपैशाचा उपाय. आहे ते कार्ड एकदा स्वच्छ करा. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, पंख्यावरची धूळ मऊ ब्रशनं झाडा. धुळीनं कार्ड तापतं आणि तापलं की आपोआप गती कमी करतं. पुष्कळदा 'जुनं झालं' म्हणतात ते कार्ड नुसतं धुळीनं गुदमरलेलं असतं!

पुढच्या वेळी घरात हा विषय निघाला तर चहा जरूर ठेवा, पण कप घेऊन तिथेच बसा आणि पाच गोष्टी वहीत लिहून घ्या. काम कोणाचं आणि कोणतं? आज वेग किती मिळतो, सरासरी आणि सर्वांत कमी? पडदा किती हर्ट्झचा? मेमरी किती लागते? वीजपुरवठ्यासकट एकूण खर्च किती? आणि शेवटी घरात जो कुणी गप्प बसला असेल, त्यालाही विचारा. आमच्याकडे खरं उत्तर तिथेच मिळालं.